चौघांनी उचललेला माणूस

मिरजेकडच्या एका ताईंचं सहा पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलून ते थोडक्यात सांगते. ताईंचं वय ४८, एका दवाखान्यात २२ वर्षं नर्स. घरात मिस्टर, बारावीतली मुलगी आणि २० वर्षांचा मुलगा. हा मुलगा सप्टेंबरच्या शेवटी डेंग्यूने गेला. नऊ दिवस आयसीयूत होता. मंडळीने, म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या माणसांनी, पाळीपाळीने साखळी प्रार्थना धरली, तरुण संघातल्या मुलांनी उपास केले, आणि एका बंधूंनी दवाखान्याच्या जिन्यातच सांगून टाकलं की ‘देवानं मला दाखवलंय, पोरगा उठून चालत घरी येणार.’ दहाव्या दिवशी पहाटे तो गेला.

ताई लिहितात, बायबल उघडते पण अक्षरं आत जात नाहीत. उपासनेला जाते, गाणं सुरू झालं की उठून बाहेर चपलांपाशी उभी राहते. बायका म्हणतात, रडू नका, तो प्रभूजवळ आहे. नणंद म्हणते, ईस्टरच्या उपासनेत साक्ष द्या, सगळ्यांसमोर देवाचा अनुभव सांगा, मन मोकळं होईल. मिस्टर रोज संध्याकाळी दफनभूमीत जाऊन येतात आणि घरी कुणाशी बोलत नाहीत. मुलगा मंडळीत ढोलकी वाजवायचा. नाताळच्या आधी तरुण संघाची मुलं ती मागायला आली, तेव्हा ताईंनी दार लावून घेतलं. त्यांचा प्रश्न असा: ‘माझा विश्वास संपत चाललाय. तो गेला तर माझा मुलगा मला पुन्हा भेटणार नाही, या भीतीनं रात्ररात्र झोप लागत नाही. विश्वास टिकवू कसा?’ आणि शेवटच्या पानाच्या समासात, बारीक अक्षरात: ‘कधी कधी वाटतं, आपणच त्याच्याकडे जावं.’

ताई, प्रेमाचा सलाम.

तुम्ही जे समासात लिहिलंत, तिथूनच सुरुवात करते. मूल गेलेल्या आईला त्याच्याकडे जावंसं वाटणं मला समजतं. पण नुसती ओढ आहे की कधी, कसं याचा विचारही मनात येऊन जातो, हे मी तुम्हाला सरळच विचारते. तसा विचार येत असेल तर माझं पुढचं पत्र नंतर वाचा. आज रात्रीच मिस्टरांना सांगा, एकट्या राहू नका, आणि १४४१६ ला फोन लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. फक्त ओढ असेल तरीही या आठवड्यात डॉक्टरांना भेटा. सिव्हिलमध्ये मानसोपचाराचा विभाग आहे. तुमच्याच दवाखान्यातल्या माणसांसमोर जायला अवघड वाटत असेल तर सांगलीला जा, साताऱ्याला या. पाच महिने झोप नाही, वजन उतरलंय, हातातल्या वस्तू पडतात, हे सगळं तुम्हीच लिहिलं आहे. दुसऱ्या कुणाच्या केसपेपरवर हे वाचलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? बीपीची गोळी घेणाऱ्याला ‘तुमचा विश्वास कमी पडला का’ असं २२ वर्षांत तुम्ही एकदाही विचारलं नसेल. मग स्वतःलाही विचारू नका.

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट आठवते ना? रानात झुडपाखाली जाऊन बसला आणि म्हणाला, पुरे झालं परमेश्वरा, आता माझा प्राण घे. देवाने त्याला उपदेश केला नाही. दूताने उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू समोर ठेवला. खाऊन तो पुन्हा झोपला, तर परत उठवून परत खायला घातलं. देवाशी बोलणं झालं ते पुढे कितीतरी दिवसांनी, डोंगरावर. म्हणून आधी जेवण आणि झोप. बायबल थांबेल.

आता तुमचा प्रश्न. विश्वास टिकवू कसा, असं तुम्ही विचारता, आणि त्या वाक्यात विश्वास ही तुमच्या एकटीच्या मुठीत धरलेली वस्तू आहे. मूठ सुटली की वस्तू गेली आणि तिच्याबरोबर मुलगाही गेला, असा तुमचा हिशोब आहे. तो हिशोब मला मान्य नाही.

येशूच्या गोष्टींतल्या, कफर्णहूम गावातल्या त्या पक्षाघाती माणसाकडे जरा पुन्हा पाहा. चौघांनी त्याला बाजेसकट उचलून आणलं, गर्दीतून आत जाता येईना म्हणून वर चढले, छप्पर उसकटलं आणि बाज खाली सोडली. मार्क आपल्या शुभवर्तमानात लिहितो, त्यांचा विश्वास पाहून येशू बोलला. त्यांचा. त्या आडव्या पडलेल्या माणसाच्या मनात त्या घडीला काय चाललं होतं, याबद्दल मार्क अवाक्षर काढत नाही. कदाचित तो वैतागला असेल. कदाचित ‘मला घरी न्या’ म्हणत असेल. चौघांनी खाली ठेवलं नाही, एवढं मात्र कळतं.

आपल्याकडे चौघं म्हटलं की खांदा आठवतो. तुमच्या मुलालाही चौघांनी उचललं असेल, आणि त्यात त्याच्याच वयाची पोरं असतील. पण जिवंत माणसालाही चौघं लागतात, हे आपली मंडळी दफनभूमीतून परतताना विसरते. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा सांगलीत शिरली तेव्हा म्हाताऱ्या माणसांना खुर्चीसकट उचलून बाहेर काढणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. खुर्चीतल्या आजीला पोहता येतं का, हे कुणी विचारत बसलं नव्हतं. सध्या तुम्ही खुर्चीत आहात, ताई. बसून राहा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझे मिस्टर गेले तेव्हा पुढचं सव्वा वर्ष मला प्रभूची प्रार्थना पुरी म्हणता आली नाही. ‘तुझे राज्य येवो’पर्यंत यायची. ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ आलं की ओठ मिटायचे. माझ्याने ते म्हणवेना, कारण तुझ्या इच्छेप्रमाणे झालं ते मी बघितलं होतं. आमच्या बाकावर एक वयस्क बाई बसायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. त्या ओळीला त्यांचा आवाज किंचित चढायचा, माझ्या वाटचंही म्हटल्यासारखा, आणि ‘आमची रोजची भाकर’ला मी पुन्हा सामील व्हायची. बाहेर पडताना त्यांनी कधी विषय काढला नाही. एकदा फक्त माझ्या पिशवीत लसणीच्या चटणीची पुडी टाकली. आज ती ओळ मी म्हणते. कधीपासून म्हणू लागले ते सांगता येत नाही.

तुमच्या मंडळीतही अशा बाकावरच्या बाई असतील. साक्ष द्या म्हणणाऱ्यांच्या गलबल्यात त्या चटकन दिसत नाहीत, एवढंच.

आता भीतीचं. माझा विश्वास गेला तर मुलगा भेटणार नाही. ताई, मुलाचं देवाजवळ असणं तुमच्या मनःस्थितीवर कधीपासून अवलंबून राहायला लागलं? प्रेषित पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्रात म्हणतो की मरण, जीवन, वर्तमान, भविष्य, कशानेही देवाच्या प्रीतीपासून आपली ताटातूट होणार नाही. त्या यादीत आईची झोप उडालेली पाच महिन्यांची रात्र बसते. आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं ते वाक्य, आपण अविश्वासी झालो तरी तो विश्वासू राहतो, कारण त्याला स्वतःविरुद्ध वागता येत नाही. दोर दोन टोकांनी धरलेला असतो. तुमचं टोक तुमच्या हातून निसटलंय असं तुम्ही म्हणता. दुसरं टोक कुणाच्या हातात आहे, तेही सोबत मोजा.

शिवाय तुमचा विश्वास संपलाय, हेच मला पटत नाही. सहा पानांत तुम्ही देवाला अकरा वेळा ‘तू’ म्हणून जाब विचारलाय. मी मोजलं. जो नाहीच, त्याच्याशी माणूस इतकं भांडत नाही. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली दीडशे स्तोत्रं घेतली तर जवळपास तिसरा हिस्सा रडण्या-भांडण्याचा आहे. तेरावं काढा, तू मला कुठवर विसरणार, अशी सुरुवात आहे. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटीसुद्धा सावरत नाही, अंधारातच थांबतं. तरी कुणी ते वगळलं नाही. आपण उपासनेत ते क्वचितच वाचतो, हा आपला दोष.

तुम्ही लिहिलंय की प्रार्थनेला बसलं की शब्द येत नाहीत, नुसता घशातून आवाज येतो. पौल म्हणतो, कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः कण्हून आपल्यासाठी मध्यस्थी करतो. कण्हणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला काय सांगणार? रात्रपाळीत वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला कुणी कण्हलं तर त्या आवाजावरूनच तुम्ही ओळखत असाल, टाके दुखतायत की कूस बदलायची आहे. पेशंटने वाक्य जुळवून सांगावं म्हणून तुम्ही थांबत नाही. तर मग देवही थांबत नसेल.

एका गोष्टीचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि आहे असं सोंगही मी आणणार नाही. शेजारच्या बेडवरचा मुलगा बरा होऊन घरी गेला आणि तुमचा परतला नाही. का? मला माहीत नाही. पण ‘प्रार्थना कमी पडली’ हे उत्तर चूक आहे, एवढं ठामपणे सांगते. मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने स्वतः विनवलं, हा प्याला माझ्यापासून दूर कर. प्याला दूर झाला नाही. त्याची प्रार्थना कमी पडली असं म्हणायची कुणाची छाती आहे? आणि जिन्यातल्या त्या बंधूंबद्दल: देवाने दाखवलं असं त्यांना खरंच वाटलं असेल, किंवा तुम्हाला धीर द्यायच्या भरात ते बोलून गेले असतील. त्यांचं म्हणणं खोटं ठरलं, देवाचं नव्हे. ते समोर आले की पोटात ढवळतं, असं तुम्ही लिहिलंय. मग सध्या दुसऱ्या दाराने बाहेर पडा. क्षमा करायची घाई नको. पुढे कधी जमलं तर त्यांना एवढंच सांगा, ‘त्या दिवशी तुम्ही तसं बोलायला नको होतं.’

बायका ‘रडू नका’ म्हणतात, त्यामागे पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पत्रातलं वचन असतं. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नये, असं ते वचन आहे. खेदच करू नये, असं ते नाही. आपला मेलेला मित्र लाजर याच्या कबरेकडे निघालेल्या येशूला ठाऊक होतं की आपण याला थोड्या वेळात बाहेर बोलावणार आहोत. तरी तो रडला. आशा असलेला माणूस रडतो कसा, हे त्यानेच दाखवून दिलं. शिवाय आपल्याकडे दहावं-तेरावं नसतं. दफन होतं, घरी एखाददोन प्रार्थनासभा होतात, चहा होतो, आणि घर एकदम रिकामं होतं. तुमच्या शेजारच्या काकू तेराव्या दिवशीही ‘आज तेरावा ना’ म्हणून डबा घेऊन आल्या, हे तुम्ही लिहिलंत. त्यांचा धर्म निराळा आणि चौघांतली एक बाजू त्यांनी धरलेली. मला ते फार आवडलं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण तुम्हाला कुणीतरी दिलंच असेल, नसेल तर देईल. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला, आणि जुलै १९२१ मध्ये एकुलती लेक मनोरमा. तरी त्यांनी बायबलचं भाषांतर सोडलं नाही. सगळं खरं आहे. पण हे आपण एका दमात सांगतो आणि रमाबाईंनी ते दिवसादिवसाने काढलं. रात्री दिवा मालवल्यावर त्या देवाशी काय बोलल्या, हे आपल्याला कुठे ठाऊक आहे? थोरांचं दुःख छडीसारखं वापरू नये. कुणी वापरलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

आता साक्षीचं. ईस्टरला साक्ष देऊ नका. नणंदेचा हेतू वाईट नसेल, पण माइक हातात आला की माणूस लोकांना हवा तो शेवट सांगून मोकळा होतो, आणि घरी येऊन आणखी रिकामा होतो. पाळकसाहेबांना आधीच गाठून सांगा, ‘यंदा मला बोलायला लावू नका, माझ्यासाठी तुम्ही बोला.’ पुढचं त्यांना कळायला हवं. ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेलाही जायलाच हवं असं नाही. मला विचाराल तर यंदा तुमचा दिवस उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. बारा ते तीन बसायचं असतं, गाणी हळू असतात, कुणी हसून हात मिळवायला येत नाही, आणि ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ हे मोठ्याने वाचलं जातं. तुमच्या मनातलं वाक्य वेदीवरून ऐकू येईल. मागच्या बाकावर बसा. अर्ध्यातून उठावंसं वाटलं तर उठा. चपलांपाशी उभं राहणं हेही मंडळीच्या आवारातच असतं, ते वाया गेलं असं समजू नका.

घरात वाचन बंद पडलं असेल तर मुलीला सांगा, एक स्तोत्र मोठ्याने वाच. अर्थ नको, चर्चा नको. तुम्ही कणीक मळत असाल तर मळत राहा. आणि त्या मुलीकडे नीट बघा. पत्रात तिचा उल्लेख दोनदाच आला, दोन्ही वेळा ‘बारावीतली’ म्हणून. भाऊ गेला आणि आई चपलांपाशी उभी आहे, हे बघत ती परीक्षा देते आहे. मार्क कमी पडले तर पडू देत. एखादी रात्र तिच्याशेजारी झोपा.

मिस्टरांना बोलतं करायच्या फंदात पडू नका. त्याऐवजी एक दिवस त्यांच्याबरोबर दफनभूमीत जा. पाण्याची कॅन तुम्ही धरा. बहुतेक ते तिथे काहीतरी करत असतील, गवत उपटत असतील, माती सारखी करत असतील. तुम्हीही करा. काही पुरुष हाताला काम असलं तरच बोलतात, आणि नाही बोलले तरी दोघांची नखं मातीने भरतील. कामावर आयसीयूची ड्युटी लागत असेल तर मेट्रनना सांगून ओपीडी मागून घ्या. नातेवाइकांना ‘देव आहे, धीर धरा’ म्हणताना घसा धरतो, तर म्हणू नका. खुर्ची पुढे करा, पाणी द्या.

ताईंच्या मंडळीतल्यासारखी माणसं या सदराचीही वाचक आहेत, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. तिसऱ्या दिवशी शंभर माणसं येतात, पाचव्या महिन्यात कुणी नाही. तेव्हा जा. वचन सांगायचा मोह झाला तर बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं बरं चाललं होतं. बोलायला लागले आणि बिघडलं. गेलेल्याचं नाव घ्या, आईला ते ऐकायचं असतं. बँकेत, मयताच्या दाखल्यासाठी, कॉलेजात फी परत मागायला बरोबर जा. त्या रांगेत उभं राहणं ही सहभागिताच आहे. वाढदिवस लक्षात ठेवा. आणि भाजी-भाकरी नेलीत तर डबा परत मागू नका.

ढोलकीचं राहिलं.

दार लावून घेतलंत म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. मुलं लहान आहेत, त्यांना वाटलं तशी ती आली. ती त्याच्या जागी दुसऱ्याला बसवायला निघालेली नाहीत, त्यांनाही तो हवाय आणि त्यांच्या हाताला दुसरं काही सापडत नाही. देऊ नका आत्ताच. पण पाच महिने ती खुंटीला तशीच टांगलेली आहे असं तुम्ही लिहिलंय, आणि आता उन्हाळा लागतोय. चढवलेल्या वाद्याचं चामडं असं राहिलं तर वाळून तडकतं. तुमच्या गावात सतारमेकर गल्ली आहे, मिरजेच्या माणसाला वाद्याचं साताऱ्याहून काय सांगायचं! तरी सांगते. त्या पोरांतल्या एकालाच बोलवा, जो त्याच्या सगळ्यात जवळचा होता त्याला. चहा टाका. त्याला म्हणा, वाजवू नको, फक्त कड्या सैल करून दे. तो करत असेल तोवर तुम्ही तिथेच बसा. मग मऊ कापडात गुंडाळून कपाटात वर ठेवा, आणि पुन्हा केव्हा चढवायची ते त्याला विचारून ठेवा.